एकशे सतरा नंबरचा निनावी कागद

“आजपासून या महाविद्यालयात विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती म्हणजे देवाचा गाभारा!” प्राचार्य डॉ. वालावलकर टेबलावर हात आपटून म्हणाले. “तिथं कुणीही उठून आत शिरायचं नाही. मी नाही, तुम्ही नाही, खुद्द संस्थेचे अध्यक्ष आले तरी नाही!”

सगळ्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या. टाळ्या वाजवता आल्या नाहीत, कारण प्रत्येकाच्या हातात बटाटावडा होता. राधाबाई शिपाईणीने वडे कागदाच्या तुकड्यांवर ठेवून वाटले होते आणि ते तुकडे म्हणजे प्रवेश अर्जांच्या उरलेल्या झेरॉक्स होत्या. प्राचार्यांच्या वड्याखाली एका विद्यार्थिनीचा जातीचा दाखला होता. मराठीच्या मॅडमच्या वड्याखालचं तेल कुणाच्या तरी आधार क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांपर्यंत पोचलं होतं.

हे फक्त काशिनाथ आरोलकरांना दिसलं. सभा संपल्यावर त्यांनी ते तेलकट कागद गोळा केले. तेवीस वाटले होते, बावीस मिळाले. तेविसाव्याचा प्रा. मठकरांनी बोळा करून खिडकीबाहेर फेकला होता. आरोलकर जिना उतरून गेले, माडाच्या आळ्यातून बोळा उचलला, झटकला, सरळ केला आणि वर घेऊन आले. मग तेवीसच्या तेवीस फाडले.

दर्यानंद शिक्षण प्रसारक मंडळाच्या या महाविद्यालयात आरोलकर मुख्य लिपिक होते. शिरोड्याकडून आरोंद्याला जाताना रस्ता जिथे खाडीकडे उतरतो, तिथे डाव्या हाताला ही इमारत. तळमजल्यावर गज लावलेली एक खिडकी आणि गजांच्या आतल्या बाजूला चौतीस वर्षं आरोलकर. नव्या मुलांना कधीकधी शंका यायची की, गज कोणासाठी आहेत.

ते हुशार होते असं कुणी म्हणालं नसतं. विनोदी नव्हते, शूर तर नव्हतेच. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची, ती मात्र पंचक्रोशीत सगळीकडे: आरोलकरांकडे गेलेला कागद हरवत नाही. दोन पुरांत आणि एकदा वाळवीत कपाट गेलं, कागद राहिले. निवृत्तीला आता चार महिने होते आणि निरोप समारंभात अध्यक्ष हेच वाक्य बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आरोलकरांनाही. ते वाक्य त्यांनी मनात दोन-चारदा ऐकूनही ठेवलं होतं.

तर, गुणवत्ता तपासणारी समिती यायची होती. ही समिती पाच वर्षांनी एकदा येते, दोन दिवस राहते, सुरमई खाते आणि श्रेणी देते. त्यासाठी महाविद्यालयाने वर्षभर आधी दोन कामं केली. पहिलं, सगळ्या विद्यार्थ्यांची यादी: नाव, पत्ता, ईमेल, मोबाईल. ती आरोलकरांनी टंकलिखित केली आणि गुणवत्ता कक्षाचे प्रमुख म्हणून प्रा. मठकरांच्या हाती दिली. मठकर तरुण, तरतरीत. संगणकावर रंगीत आलेख काढण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता.

दुसरं काम, विद्यार्थ्यांचे अभिप्राय. छापील अर्ज, निनावी. शिक्षक कसे शिकवतात, स्वच्छतागृहात पाणी असतं का, वगैरे. तळाशी ‘सूचना’ म्हणून चार रिकाम्या ओळी.

मुलं एकेक करून खिडकीशी येत. आरोलकर अर्ज देत आणि प्रत्येकाला सांगत, “नाव लिहायचं नाही. मोकळेपणानं लिहा.” आणि अर्ज देण्याआधी मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक नंबर टाकत आणि एका चाळीस पानी वहीत त्या नंबरासमोर मुलाचं नाव लिहीत. यात कपट काही नव्हतं. एकही अर्ज परत यायचा राहू नये, एवढंच. नंबर न घालता कागद हातातून सोडणं त्यांना जमतच नसे. दुसरा माणूस चपला न घालता बाजारात जाईल, तसं ते त्यांना वाटे.

राधाबाईने हे पाहिलं होतं.

“भाऊनू,” ती केरसुणीवर रेलून म्हणाली होती, “नाव नको म्हणतास आणि पाठीर नंबर घालतास. ह्यां म्हणजे तोंडार पदर घेवन कपाळार पत्तो लिवल्यासारख्या झाला!”

“नंबर नसलेलो कागद म्हणजे रद्दी, राधाबाई.”

“मगे मी रद्दीच. माझ्यार खंय नंबर आसा?”

“आसा,” आरोलकर म्हणाले. “सेवापुस्तकात. सत्तावीस.”

राधाबाईला हे माहीत नव्हतं. ती उरलेला दिवस जरा ताठ चालली.

चारशे बारा अर्ज दिले, चारशे बारा परत आले. प्राचार्यांनी अहवालात लिहिलं, ‘शंभर टक्के विद्यार्थ्यांचे निनावी अभिप्राय’, आणि ‘उत्तम प्रथा’ या सदरात घातलं.

समिती बुधवारी यायची होती. मंगळवारी अकरा वाजता प्राचार्य स्वतः खिडकीशी आले, अर्जांच्या गठ्ठ्यातून नमुना म्हणून दाखवायला बरेसे शोधू लागले आणि शोधता शोधता एक कागद घेऊन आपल्या केबिनमध्ये गेले. दहा मिनिटांनी आरोलकरांना बोलावणं आलं. आत मठकर आधीच बसले होते. त्यांच्या कपाळावर पंख्याखालीही घाम होता.

“वाचा,” प्राचार्य म्हणाले.

सूचनांच्या चार ओळी पुरल्या नव्हत्या, मजकूर समासात वर चढला होता.

‘मठकर सरांनी गुणवत्ता कक्षाच्या यादीतून आमचे मोबाईल नंबर घेतलेत. मुलींना मेसेज करतात, फोटो मागतात. उत्तर दिलं नाही तर प्रॅक्टिकलला बघून घेईन म्हणतात. आम्ही तिघींनी सिम बदललं. घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल. नाव लिहायचं नाही असं खिडकीतल्या काकांनी सांगितलं म्हणून लिहिते.’

आरोलकरांनी कागद उलटा केला. मागे त्यांच्याच अक्षरात ११७.

“खोटं आहे हे सर,” मठकर म्हणाले. “यादी मी सर्वेक्षणासाठीच वापरली. एखाददुसरा मेसेज प्रोत्साहनपर असेल.”

“ते नंतर.” प्राचार्य आरोलकरांकडे वळले. “मुलगी कोण?”

“निनावी आहे, सर.”

“आरोलकर.” प्राचार्य हसले. “मी तुम्हाला एकोणीस वर्षं ओळखतो. हा आकडा आहे, म्हणजे कुठंतरी वही आहे.”

आरोलकरांनी कागद टेबलावर ठेवला. वही आहे की नाही, यावर खोटं बोलायला ते अजून शिकले नव्हते.

“हे पाहा, कुणाला शिक्षा करायची नाही,” प्राचार्य मऊ आवाजात म्हणाले. “मुलीला बोलवू, वडिलांना बोलवू. समजावून सांगू. गैरसमजातून लिहिलं, एवढं लिहून घेऊ आणि विषय मिटवू. समिती जायच्या आत. तुमची निवृत्तीची फाईल माझ्या सहीला आली आहे ना? तीही उद्याच मोकळी करतो.”

“वही शोधतो, सर,” आरोलकर म्हणाले.

“तुम्हाला शोधावी लागते?” प्राचार्यांनी भुवया वर केल्या आणि कागद टेबलाच्या डाव्या खणात टाकला.

वही शोधावी लागत नव्हती. ती डावीकडच्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात होती. नावही शोधावं लागत नव्हतं, आकडा दिसला की आरोलकरांना समोरचं नाव दिसत असे. किशोरी, द्वितीय वर्ष विज्ञान, आरोंद्याची. एसटीने येते, अर्ज घेताना “थँक्यू काका” म्हणते. वडील खाडीत जाळं टाकतात. प्रवेशाच्या वेळी आले होते. कुठे सही करायची ते विचारून, पेन नीट पुसून परत दिलं होतं.

आणि ‘समजावणं’ म्हणजे काय तेही त्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी अक्षया नावाच्या मुलीने तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली होती, दुसऱ्याच कुणा सरांबद्दल. अक्षर ओळखू आलं. वडिलांना बोलावलं, चहा पाजला, समजावलं. वडिलांना इतकं नीट समजलं की त्यांनी चौथ्या दिवशी मुलीचं नाव काढून घेतलं. तो दाखला आरोलकरांनीच लिहिला होता. जावक क्रमांक दोनशे चौदा. आकडे विसरता न येणं हा काही गुण नव्हे, हे त्यांना तेव्हा कळलं.

दिवसभर ते गजाआड बसून राहिले. तीन वेळा प्राचार्यांनी राधाबाईला पाठवलं, तिन्ही वेळा ते कपाट उघडून, वहीकडे पाहून, कपाट लावून घेत. नाव द्यावं तर एक दाखला लिहावा लागणार. देऊ नये तर चौतीस वर्षांत जे वाक्य कमावलं ते जाणार. मधली वाट शोधावी तर खोली दहा बाय बारा आणि दार एकच, प्राचार्यांच्या केबिनकडे उघडणारं.

शेवटच्या खेपेला राधाबाई जरा थांबली. ती दाराआड असायची, त्यामुळे तिला सगळं कळायचं.

“भाऊनू, माझी नात फुडल्या वर्साक हडेच येतली,” ती म्हणाली.

“बरा.”

“बरा काय? तिचो नंबर तुमी कोणाक देतलास ता सांगा.”

आरोलकरांनी तिच्याकडे पाहिलं. ती बादली उचलून गेलीसुद्धा. संध्याकाळी सुटताना त्यांनी चौतीस वर्षांत पहिल्यांदा कार्यालयातली वस्तू घरी नेली. शर्टाच्या आत, पोटाशी.

सकाळी न्हाणीत पाणी तापत होतं. चुलीत नारळाची सोडणं धुमसत होती आणि आरोलकर पाटावर बसून वहीचं एकेक पान फाडून आत सारत होते. फाडण्याआधी पान वाचत होते. विमलाबाई टॉवेल घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“ह्यां काय करतास?”

“कागद जाळतंय.”

“तुमी?” त्यांनी खाली वाकून नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. “जर-बिर इलो काय?”

“जर नाय.”

“तुमी रेशनची जुनी पावती टाकूक देयत नाय माका. लग्नातलो वाजपांचो हिशोबसुद्धा ट्रंकेत आसा!”

“ही वही कॉलेजातली आसा. पोरांची-चेडवांची नावां आसत हेच्यात.”

“मगे जाळतास कित्याक?”

“नावां आसत म्हणान.”

एक नंबरपासून एकशे पाच नंबरपर्यंतची मुलं एव्हाना वर कौलांतून धूर होऊन बाहेर गेली होती. पुढचं पान आरोलकरांच्या हातात होतं आणि हात पुढे जात नव्हता.

“सरा वायच.” विमलाबाई खाली बसल्या, पान त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि न वाचता चुलीत घातलं. मग उरलेली वहीही. “पुठ्ठो असो जळाचो नाय. काठयेन आत ढकला.”

त्यांनी ढकलला. त्या दिवशी पाणी इतकं तापलं की अंघोळीला उशीर झाला.

समितीत तिघे होते. दोघे परराज्यातले, त्यांना आलेख दाखवले. तिसऱ्या डॉ. नर्मदा वानखडे, अमरावतीकडच्या. त्यांना मराठी वाचता येत होतं, ही महाविद्यालयाच्या दृष्टीने पहिली अडचण. दुसरी अडचण, त्या खरोखर वाचत होत्या.

मठकरांनी पडद्यावर कुलपाचं चित्र दाखवलं आणि विद्यार्थ्यांची माहिती किती कडेकोट ठेवली जाते ते सांगितलं. वानखडे मॅडमनी ऐकून घेतलं आणि अभिप्रायांचा गठ्ठा मागवला. आरोलकरांनी तो आणून पुढे ठेवला. मॅडमनी वरचा अर्ज वाचला, उलटा ठेवला, दुसरा वाचला. आणि मग त्यांचं लक्ष उलट्या कागदाच्या कोपऱ्याकडे गेलं.

“हे पेन्सिलीचे आकडे कसले?”

प्राचार्य मठकरांकडे पाहू लागले. मठकर पडद्यावरच्या कुलपाकडे.

“माझे आहेत, मॅडम,” आरोलकर म्हणाले. “अर्ज मोजायला.”

“निनावी अर्जांवर?”

“नाव नाही, मॅडम. नंबर आहे.”

मॅडमच्या ओठांची एक बाजू जरा हलली. मग त्या फक्त कोपरेच पाहत गेल्या, नोटा मोजाव्यात तशा अंगठ्याने. एकशे पंधरा, एकशे सोळा, एकशे अठरा. अंगठा थांबला.

“एकशे सतरा?”

“चिकटला असेल,” प्राचार्य म्हणाले. “दमट हवा. समुद्र जवळ.”

मॅडमनी एकशे सोळा बोटांनी चोळून पाहिला. “कुठे आहे, आरोलकर?”

आरोलकरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांच्या डोळ्यांत सही न झालेली फाईल स्पष्ट दिसत होती. पण कागद कुठे आहे असा प्रश्न कानांवर पडला की चौतीस वर्षं जे तोंडातून आपोआप येत होतं, ते आलं.

“प्राचार्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात, मॅडम. काल अकरा वाजून दहा मिनिटांनी नेला. नोंद आहे माझ्याकडे.”

राधाबाईने चहाचा ट्रे आणला होता, ती तो हातात धरून दारातच उभी राहिली. खण उघडावा लागला. मॅडमनी कागद वाचला, परत वाचला आणि परराज्यातल्या दोघांना हिंदीत हळू आवाजात सांगितला. मठकरांनी पडदा बंद केला.

“या मुलीचं नाव कळायला काही मार्ग आहे?” मॅडमनी विचारलं. “नंबरांची वही वगैरे?”

“आहे!” प्राचार्य एकदम म्हणाले. “आरोलकर, आता तरी द्या ती. मॅडम मुलीशी स्वतः बोलतील, तिच्याच भल्यासाठी!”

सगळे आरोलकरांकडे वळले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. मग ज्या माणसाला कागद हलल्याचं मिनिट ठाऊक होतं तो माणूस म्हणाला,

“वही गहाळ झाली, मॅडम.”

ते खोटं होतं हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. वानखडे मॅडमनाही कळलं असावं, कारण त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि “बरं” म्हणाल्या. पण प्राचार्यांच्या चेहऱ्यावर राग उमटायच्या आधी क्षणभर जे उमटलं ते भलतंच होतं. घरातलं जुनं, भरवशाचं घड्याळ बंद पडलेलं पाहावं, तसे ते आरोलकरांकडे पाहत राहिले.

समिती सुरमई खाऊन गेली. एकशे सतरा नंबरचा कागद मॅडम लाखोट्यात घालून घेऊन गेल्या. पंधरा दिवसांत विद्यापीठाकडून चौकशी लागली, प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक नेमले गेले आणि मठकरांनी प्रकृतीच्या कारणास्तव गुणवत्ता कक्ष सोडून लांब रजा घेतली. चौकशी अजून चालू आहे. श्रेणी एका पायरीने खाली आली. अहवालात महाविद्यालयाच्या उणिवा दिल्या होत्या, त्यातली तिसरी अशी: ‘अभिलेख जतन करण्याच्या पद्धतीत सुधारणेस बराच वाव आहे.’

आरोलकरांना ‘कारणे दाखवा’ नोटीस निघाली. ती टाईप करायला कार्यालयात आरोलकरांशिवाय कुणी नव्हतं, म्हणून ती त्यांनीच टाईप केली. ‘हलगर्जीपणा’ मधला ‘र्ज’ जुन्या संगणकावर नीट उमटेना, तो दोनदा दुरुस्त केला. प्राचार्यांची सही घेतली, जावक क्रमांक घातला, लाखोटा स्वतःच्या नावे बंद केला. मग खुर्ची फिरवून आवक नोंदवही ओढली, लाखोटा फोडला आणि आवक क्रमांक घातला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘मिळाली’.

अध्यक्षांनी निरोपाचं भाषण नव्याने लिहायला घेतल्याचं कानांवर आलं होतं. त्यात आता आरोलकरांच्या वक्तशीरपणावर भर असणार होता.

“काका.”

गजांपलीकडे एक मुलगी उभी होती. खांद्याला सॅक, हातात दाखल्याचा अर्ज.

“एसटीच्या पासाक बोनाफाईड होया हुता.”

“नाव?” आरोलकरांनी विचारलं. न विचारता नाव घेतलं असतं, तर ते कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं.

“किशोरी. सेकंड इयर सायन्स.”

त्यांनी अर्ज गजांतून आत घेतला. नाव, वर्ग, पत्ता, जन्मतारीख, सगळं सुवाच्य अक्षरात होतं. मोबाईल क्रमांकाचा रकाना रिकामा होता. अपुरा अर्ज त्यांनी आजवर कुणाचाच घेतला नव्हता. एकदा संस्थेच्या अध्यक्षांच्या भाचीचा परत पाठवला होता. त्यांचं बोट सवयीने त्या रकान्यावर जाऊन थांबलं.

मुलीने ते बोट पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं, मग वही असायची त्या डावीकडच्या कपाटाकडे. ती एक पाऊल मागे झाली.

“थंय काय नाय लिवलंय तर चलात काय, काका?” ती म्हणाली. “आणि वायच बेगीन करा हां. आरोंद्याची गाडी सुटतली.”